दूध पुरते की नाही, हे लंगोट सांगतात: नव्या बाळाच्या पहिल्या सव्वा महिन्याची निगा

बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरात एक प्रश्न हमखास निघतो: "दूध पुरतंय ना त्याला?" विचारणारी कधी सासू असते, कधी शेजारीण, आणि पुष्कळदा मध्यरात्री कुशीतल्या बाळाकडे पाहत बसलेली आईच असते. अंगावरचे दूध वाटीत ओतून मोजता येत नाही, त्यामुळे बाळ रडले की दूध कमी पडले असे गृहीत धरले जाते आणि पावडरीचा डबा घरात येतो. वास्तविक बाळ भुकेप्रमाणेच ओले झाल्यामुळे, उकडल्यामुळे किंवा नुसते कुशीत घ्यावे म्हणूनही रडते, त्यामुळे रडण्यावरून दुधाचा हिशेब मांडू नये. तो ओल्या लंगोटांवरून आणि वजनावरून मांडावा. कसा, ते पुढे येईलच, पण सुरुवात प्रसूतीच्या खोलीपासून करायला हवी.

पहिला तास आणि चीक

जन्मल्यावर बाळाला पुसून कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि पहिल्या तासाच्या आत अंगावर पाजायला घ्यावे. सिझेरियन झाले असले तरी आई शुद्धीवर असल्यास परिचारिकेच्या मदतीने हे जमते, म्हणून तशी विनंती आधीच करून ठेवावी. पहिले दोन-तीन दिवस येणारे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो थोडाच येतो आणि तेवढाच पुरतो, कारण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर दूध मावते. काही घरांत चीक खराब समजून पिळून टाकतात. तसे मुळीच करू नये, रोगांपासून संरक्षण करणारी द्रव्ये त्यातच भरपूर असतात. मधाचे बोट, साखरेचे पाणी, गुळाचे पाणी यांपैकी काहीही देऊ नये. मधातून एक विशिष्ट विषबाधा होण्याचा धोका असल्यामुळे तो वर्षभर वर्ज्यच आहे, आणि हाच नियम मधात उगाळलेल्या घुटीलाही लागू होतो.

छातीला लावताना

पाजण्याच्या बहुतेक अडचणी दूध कमी असण्याच्या नसतात; बाळ नीट लागलेले नसते, हे त्यांचे कारण असते. भिंतीला किंवा लोडाला पाठ टेकून बसावे, खांदे सैल सोडावेत. बाळाचे पोट आपल्या पोटाला टेकलेले आणि त्याचा कान, खांदा व कंबर एका रेषेत असावी. मान वळवून प्यावे लागले तर आपल्यालाही पाणी गिळवत नाही. स्तनाग्र त्याच्या वरच्या ओठाला हलकेच लावावे आणि थांबावे. जांभई दिल्यासारखा मोठा आ वासला की त्याच क्षणी बाळाला छातीकडे आणावे. छाती बाळाकडे नेण्यासाठी आपण वाकू नये, कारण वाकले की पाठही धरते आणि पकडही सुटते.

पकड बरोबर असेल तर हनुवटी स्तनाला टेकलेली असते, खालचा ओठ बाहेर मुडपलेला असतो आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला अधिक दिसतो. आरंभी बाळ भराभर चोखते, मग चोखणे संथ होते आणि मधूनमधून गिळल्याचा बारीक आवाज ऐकू येतो. त्याऐवजी चुटचुट आवाज येत असेल, गालांना खळ्या पडत असतील किंवा दुखणे थांबतच नसेल, तर बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी आत घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावे. पहिल्या खेपेला मी तीन दिवस दात-ओठ खाऊन पाजत राहिले, कारण दुखायचेच, असे प्रत्येकीने सांगितले होते. चौथ्या दिवशी एका परिचारिकेने बाळाला अख्खेच्या अख्खे बोटभर पायांच्या दिशेने सरकवले. त्याची मान किंचित मागे गेली, हनुवटी आधी टेकली आणि कळ थांबली.

घड्याळ लावून पाजू नये. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजणे स्वाभाविक आहे. चुळबुळ, जीभ बाहेर काढणे, मूठ तोंडाकडे नेणे ही भुकेची पहिली खूण. रडणे ही शेवटची, आणि तोवर थांबले तर चिडलेले बाळ नीट लागत नाही. एक बाजू पिऊन झाल्यावर दुसरी द्यावी, पुढच्या वेळी ज्या बाजूने कमी प्याले तेथून सुरुवात करावी. जन्मवजन भरून येईपर्यंत झोपाळू बाळाला दर तीन तासांनी तळपाय चोळून उठवावे. संध्याकाळी काही बाळे तास-दोन तास सोडतच नाहीत, तेही दूध आटल्याचे लक्षण नव्हे. पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर उभे धरून पाठ थोपटावी. पाच-सात मिनिटांत ढेकर आली नाही तर हट्ट धरू नये. हे काम वडिलांनी घ्यावे, रात्रीचे लंगोट बदलणेही.

लंगोटांचा हिशेब

दाराआडच्या कॅलेंडरवर त्या-त्या तारखेच्या चौकोनात, शू केल्यावर एक उभी रेघ आणि शी केल्यावर एक टिंब काढावे. पहिल्या दिवशी निदान एक रेघ, दुसऱ्या दिवशी दोन, असे वाढत सहाव्या दिवसापासून रोज सहा किंवा अधिक रेघा दिसल्या पाहिजेत आणि शू फिकट असली पाहिजे. सुरुवातीची शी काळपट हिरवी आणि डांबरासारखी चिकट असते. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत ती पिवळी, पातळ आणि दाणेदार होते. दिवसातून अनेकदा होणाऱ्या या पातळ शीला जुलाब समजून घाबरू नये. पाचव्या दिवशीही शी काळीच असेल किंवा लंगोटावर विटकरी डाग पडत असतील, तर दूध पोटात पुरेसे जात नाही असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

डायपरमध्ये ओल कळत नाही, म्हणून पहिले दोन आठवडे दिवसा तरी सुती लंगोट बरे. डायपर वापरायचाच असेल तर एका कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओतून तो हातात तोलून पाहावा. ओल्याचे वजन हाताला एकदा कळले की पुढे चुकत नाही.

पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन घटते. तीन किलोचे बाळ पावणेतीनपर्यंत उतरले तर काळजी नको, मात्र दहा टक्क्यांहून अधिक घट झाली किंवा दोन आठवड्यांत जन्मवजन भरून आले नाही, तर तपासून घ्यावे. पुढे रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. प्रत्येक वेळी एकाच काट्यावर, कपडे काढून वजन करावे.

वरचे दूध लागलेच तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, स्वच्छ उकळलेल्या वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे आणि त्याआधी आईचेच काढलेले दूध देऊन पाहावे. पावडरीचे प्रमाण डब्यावर छापलेले असेल तेच घ्यावे, काटकसर म्हणून पातळ करू नये. दोन वर्षांखालील मुलांसाठीच्या दूधपावडरीची जाहिरात आपल्याकडे कायद्याने बंद आहे. १९९२चा हा कायदा २००३मध्ये अधिक कडक झाला. अगदी लहान किंवा आजारी बाळांसाठी काही मोठ्या रुग्णालयांत मातृदुग्धपेढ्या आहेत. आशियातील पहिली पेढी १९८९ साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. सहा महिन्यांपर्यंत अंगावर पिणाऱ्या बाळाला वैशाखातही पाणी लागत नाही. पाणी आईने प्यावे, तेही तहान लागेल तेवढे. बाळंतिणीचे पाणी तोडण्याची पद्धत चुकीची आहे. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर खुशाल खावी, पण त्यांच्या जोडीला डाळ, भाजी, फळे आणि चालत असल्यास अंडी हवीतच.

आंघोळ आणि नाळ

पहिली आंघोळ जन्मानंतर निदान २४ तास घालू नये. वजन कमी असल्यास डॉक्टर सांगतील तोवर अंग पुसूनच घ्यावे. नाळ साधारण पाच ते पंधरा दिवसांत वाळून आपोआप गळते. तिच्यावर हळद, तेल, राख, पावडर काहीही लावू नये, ती उघडी व कोरडी ठेवावी आणि लंगोट तिच्या खाली बांधावा.

न्हाऊ घालायला येणारी बाई अनुभवी असते आणि तिच्या हाताखाली बाळ शांतही होते, परंतु काही गोष्टी तिला पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगून ठेवाव्यात: नाकात, कानात किंवा टाळूवर तेल घालायचे नाही, बाळाची छाती पिळायची नाही, हातपाय ओढायचे किंवा उलटे धरायचे नाही, डाळीचे पीठ घासायचे नाही. मालिश कोमट खोबरेल तेलाने हलक्या हाताने करावी. पाण्याची उष्णता आपल्या कोपराने पाहावी, दार-खिडकी लावून घ्यावी आणि सगळे पाच-दहा मिनिटांत उरकावे. नंतरची धुरी मात्र बंदच करावी, कारण त्या इवल्या फुप्फुसांना ओव्याचा धूरही धूरच असतो. डोळ्यांत काजळ घालू नये. तीट लावल्यावाचून आजीला करमतच नसेल तर तळपायाला लावावी.

झोपवताना बाळ उताणे, सपाट व घट्ट गादीवर असावे. डोक्याला आकार यावा म्हणून राईची उशी ठेवतात, तिची गरज नसते. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ करून आवळू नयेत, ते बेडकासारखे दुमडता यावेत इतकी सैल घडी घालावी.

लगेच दवाखाना केव्हा

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर दिसणारी कावीळ बहुतेक बाळांत दोन आठवड्यांत ओसरते. ती पहिल्या २४ तासांतच दिसली किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोचली, तर कोवळ्या उन्हात ठेवून वाट पाहू नये. बाळ प्यायचे सोडते, अतिसुस्त होते, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास घेते, श्वासाबरोबर छाती आत ओढली जाते, झटके येतात, हिरवी उलटी होते, नाळेभोवती लाली किंवा पू दिसतो, काखेतले तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर जाते किंवा अंग गार पडते, तर रात्र असली तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. कॅलेंडरचे पान त्यांना दाखवावे.

जन्मताच बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ-ब यांच्या लसी दिल्याची नोंद कार्डावर आहे ना, हे घरी जाण्यापूर्वी पाहावे. पुढच्या लसी दीड महिन्याला असतात. त्या दिवशी पुढून उघडणारा कपडा घालून जावे आणि सुई टोचण्याच्या आधीपासून बाळाला छातीला लावून ठेवावे. पिता पिता टोचले की वेदना कमी जाणवते आणि रडे लवकर आवरते.