ब्रेकचा टायमर कॉम्प्युटरवर, गाणं मात्र पडवीत

ब्रेकची आठवण करून देणारी ॲप भरपूर आहेत, स्ट्रेचली तर फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, पण स्क्रीनवर काही आलं की आपण ते बंद करतो आणि परत टायपिंग चालू. म्हणून माझं ठाम मत आहे की ब्रेकचं गाणं हेडफोनमध्ये नको, बाहेर पडवीत वाजायला हवं, म्हणजे उठावंच लागतं. डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघा म्हणतात ना, आपल्या कोकणात पडवीत उभं राहून समोरच्या माडाच्या शेंड्याकडे बघितलं की झालं ते काम.

यासाठी होम असिस्टंट वापरा, म्हणजे घरातले दिवे, स्पीकर आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे आणि घरातच चालतं, पावसात नेट गेलं तरी टायमर थांबत नाही, फक्त राउटर आणि रास्पबेरी पाय (ज्यावर होम असिस्टंट चालतं तो छोटा कॉम्प्युटर) दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवा. पाय ४ घ्या, कारण पाय ५ ला ऑडिओ जॅकच नाही आणि आपल्याला तिथूनच वायर काढून पडवीतल्या स्पीकरला द्यायचीय. मग होम असिस्टंटमधे गाणी वाजवायला व्हीएलसीचं ॲड-ऑन टाका आणि गाणी पायवरच कॉपी करून ठेवा, ऑनलाइनच्या भरवशावर राहू नका. टेबलावरच्या दिव्याला बल्ब झिगबीचा बरा (झिगबी म्हणजे वायफायसारखंच एक वायरलेस तंत्र, त्याला एक यूएसबी डोंगल लागतं), काही वायफाय बल्ब कंपनीच्या सर्व्हरवरून चालतात आणि नेट गेलं की ऐकतच नाहीत.

आता होम असिस्टंटच्या सेटिंग्जमधे हेल्पर्समधे जाऊन दोन टायमर बनवा, काम २५ मिनिटं आणि सुट्टी ५ मिनिटं, ही पोमोडोरो नावाच्या काम करायच्या पद्धतीतली विभागणी आहे, फ्रान्चेस्को चिरिल्लोने १९८० च्या दशकात काढलेली. कामाचा टायमर संपला की टेबलावरचा दिवा मंद, पडवीत गाणं चालू, सुट्टीचा टायमर चालू, असं एक ऑटोमेशन (आपोआप चालणारा नियम), आणि सुट्टी संपली की याच्या उलट दुसरं. गाणं शक्यतो ५ मिनिटांचंच निवडा, नुसता पखवाज किंवा बासरी चालेल, म्हणजे ते संपत आलं की घड्याळ न बघता कळतं.

टायमर बनवताना रिस्टोअर नावाचा पर्याय दिसेल, तो बंदच ठेवा. तो चालू असला आणि इन्व्हर्टरही संपून सगळं बंद पडलं, तर लाइट आल्यावर होम असिस्टंट सुरू होताना राहिलेला टायमर संपला असं धरलं जातं आणि रात्री २ वाजतासुद्धा पडवीत गाणं लागेल, शेजारच्या आजी-आजोबांची झोप जाईल. बल्बचंही बघून घ्या, वीज परत आल्यावर फुल पेटायचं की आधीसारखं राहायचं हे बऱ्याच बल्बमधे ठरवता येतं.

रोज सुरू करायला ब्राउझरमधे होम असिस्टंटचा डॅशबोर्ड (टायमर दिसतात ते पान) एका टॅबला पिन करा, तिथूनच स्टार्ट दाबायचं. मीटिंग असेल तेव्हा कॅन्सल दाबा, फिनिश नको, फिनिश दाबलं की टायमर संपला असं समजून लगेच गाणं वाजतं.