फिनिक्समधलं घर वाळवीपासून कसं जपावं

अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्समध्ये वर्षाला जेमतेम सात इंच पाऊस पडतो. त्यामुळे चँडलर-गिल्बर्ट या उपनगरांत पहिलं घर घेणाऱ्या आपल्या मंडळींना वाटतं, इथे कसली आलीय वाळवी! असते, आणि भरपूर असते. सोनोरन वाळवंटातली हेटेरोटर्मीस ऑरियस ही जमिनीखालून येणारी जात कोरडेपणा चांगला सोसते. त्यात आपण भिंतीलगत पाणी दिलं की तिचं फावतंच. पुण्यात वाळवीने चौकट जाते, कपाट जातं. इथे बहुतेक घरांचा सांगाडाच लाकडी, म्हणून हे मनावर घ्या.

आधी झाडांचं ड्रिप, म्हणजे ठिबक सिंचन, बघा. कढीपत्ता आणि मोगरा सावली शोधत मागच्या भिंतीला चिकटून लावले जातात. कृपा करून तिथे नको. झाडं आणि ड्रिपर भिंतीपासून दोन-तीन फूट तरी लांब न्या; कढीपत्ता कुंडीतही छान वाढतो. स्प्रिंकलरचं पाणी भिंतीवर उडत असेल तर त्याचं तोंड फिरवा. एसीचं पाणी उन्हाळाभर एकाच जागी मुरतं, तेही नळी जोडून दूर सोडा.

मग बाहेरच्या स्टको प्लास्टरची खालची कड पाहा. तिथे धातूची पट्टी असते. ती मातीपासून निदान चार इंच वर हवी, फरसबंदी असेल तर दोन इंच. बागेत माती आणि खडी ओतत ओतत लोक ही पट्टी बुजवून टाकतात, आणि वाळवी कुठून चढली ते दिसतच नाही. खडी मागे ओढा, खालचं काँक्रीट उघडं राहू द्या. एवढं एकच काम करणार असाल तर हे करा.

महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन फेरी मारा. वाळवी ये-जा करायला मातीच्या नळ्या बांधते; या जातीच्या नळ्या बारीक आणि फिकट असतात. गॅरेजमध्ये भिंत आणि जमीन मिळते तिथे, टबाच्या पाइपांपाशी बघा. कधी त्या छताच्या ड्रायवॉलमधून (जिप्समच्या पातळ पाट्यांमधून) चक्क खाली लोंबतात. नळी सापडली की फोटो काढा आणि मधला छोटा तुकडा मोडा. दोन दिवसांत तो पुन्हा बांधला गेला तर आत वाळवी आहेच. नाही बांधला तरी तपासणी करून घ्या. जुलै ते सप्टेंबर, पावसानंतरच्या रात्री पंखवाली वाळवी दिव्यावर येते. अंगणात दिसली तर घाबरू नका, पण घरात खिडकीखाली पंखांचा खच पडला तर लगेच माणूस बोलवा. वाळक्या गवतावर मातीचा पापुद्रा चढवणारी वाळवी मात्र वेगळी, तिचा घराला त्रास नाही. तिच्यावर पैसे घालवू नका.

औषध परवानाधारकाकडूनच. फिप्रोनिल हे औषध वाळवीला जाणवत नाही, ती त्यातून ये-जा करते आणि ते इतरांपर्यंत पोचवते. दुकानातला स्प्रे नळीवर मारून आतली वाळवी संपत नाही. भिंतीलगत चर खणून औषध ओततात, काँक्रीट असेल तिथे भोकं पाडतात. घराखालच्या काँक्रीटमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतील तर बहुधा गॅरेजच्या जमिनीवर तसा शिक्का असतो. ड्रिल लावण्याआधी तो औषधवाल्याला दाखवा, म्हणजे केबल तुटणार नाही.

जुनं घर घेताय? अ‍ॅरिझोनात वाळवीच्या उपचारांची नोंद कंपन्यांना राज्याच्या कृषी विभागाकडे द्यावी लागते. सही करण्याआधी त्या पत्त्याची नोंद मागवा.