प्रोव्हान्समधली एक दिवसाची टूर: आधी वार बघा, मग वारा

दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये एक दिवसाची टूर घ्यायची म्हटली की आपली माणसं आधी फोटो बघतात, मग किती ठिकाणं दाखवणार ते मोजतात आणि शेवटी किंमत. मी सगळ्यांना उलटीकडून सुरुवात करायला सांगते. आधी महिना, मग वार, मग त्या दिवशीचा वारा. गावं तीच, समुद्र तोच, द्राक्षमळे तेच. पण मंगळवार सकाळचं गोर्द आणि बुधवार दुपारचं गोर्द यांत इतका फरक असतो की एकाच गावाला जाऊन आलेल्या दोघांना ते पटत नाही.

माझा नवरा इथल्या कादाराशच्या ईटर या आंतरराष्ट्रीय अणुसंमीलन प्रकल्पावर इंजिनिअर आहे. भारत त्यात भागीदार असल्यामुळे एक्स (एक्स-आं-प्रोव्हान्स) आणि मानोस्क या शहरांच्या परिसरात आपली बरीच कुटुंबं राहतात, आणि मे महिना आला की घरोघरी पाहुणे. आमच्याकडेही पुण्याचे, तासगावचे, सासरचे, माहेरचे. सगळे आमच्या गाडीत मावत नाहीत आणि नवऱ्याला तेव्हा हमखास सुट्टी नसते. म्हणून टूर शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि आता ओळखीच्यांचे ओळखीचेसुद्धा मलाच विचारतात.

पहिला प्रश्न ठरलेला: जांभळी शेतं कुठे? मे महिन्यात कुठेच नाहीत. लॅव्हेंडर साधारण जूनच्या मध्यापासून फुलतो आणि व्हालांसोलच्या पठारावर जुलैच्या मध्यानंतर कापणी सुरू झालेली असते. सो हे गाव उंचावर आहे, तिथे थोडा उशीर, म्हणजे जुलैअखेरपर्यंत रंग टिकतो. टूरच्या जाहिरातीत मात्र बारा महिने तेच जांभळं चित्र. खाली बारीक अक्षरात ‘हंगामात’ असा शब्द असतो, तो वाचायचा. शाळेच्या सुट्टीमुळे मेमध्येच येणं भाग असेल तर हिरमुसू नका. तेव्हा खसखशीची लाल रानफुलं असतात, चेरी झाडावर लागायला लागते, ऊन सोसवतं आणि गल्ल्यांमधून चालता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच गल्लीत माणसाला माणूस घासत असतो. समुद्राचं पाणी मात्र मेमध्ये गारठवणारं असतं, त्यामुळे पोहण्याची स्वप्नं घरी ठेवून या.

मग वार. इथल्या गावांचे आठवडी बाजार ठरलेले आहेत: गोर्द मंगळवारी, रुसियों गुरुवारी, लूर्मारें आणि बोनियो शुक्रवारी, आप्त शनिवारी, लिल-सुर-ला-सोर्ग रविवारी. बाजार सकाळी भरतो आणि दुपारी एकच्या सुमारास आवरता होतो. टूर त्या गावात तीन वाजता पोचणार असेल तर तुम्हाला बाजार नाही, पालिकेचा झाडूवाला दिसेल. म्हणून नुसता वार बघून भागत नाही, त्या वारी त्या गावाला सकाळी नेतात का हे विचारायचं. रविवारी बरेच छोटे वाईनवाले तळघर उघडत नाहीत, आणि १ मेला तर जवळजवळ सगळा देशच बंद असतो. द्राक्षमळा हवा असेल तर मंगळवार ते शनिवार यातला दिवस धरा.

राहिला वारा. मिस्त्राल उत्तरेकडून ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून खाली सुटतो आणि सुटला की कधी कधी तीन-चार दिवस थांबत नाही. आभाळ धुऊन काढल्यासारखं निळं होतं, फोटो झकास येतात, पण बोटी बंद. कासीच्या बंदरातून कलांक दाखवायला निघणाऱ्या बोटी सुटणार की नाही हे त्या सकाळी ठरतं. कलांक म्हणजे चुनखडीच्या पांढऱ्या कड्यांमध्ये आत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या. २०१२ पासून तिथे राष्ट्रीय उद्यान आहे. कासीहून ला सिओताकडे जाणारा कड्यावरचा रूत दे क्रेत हा रस्ताही जोराच्या वाऱ्यात बंद ठेवतात. तिथला काप कानाय हा कडा समुद्रापासून ३९४ मीटर उंच आहे, त्यामुळे बंद ठेवतात ते बरंच करतात. जून ते सप्टेंबरमध्ये वणव्याच्या भीतीने कलांकच्या पायवाटाही बंद होऊ शकतात, आणि तो निर्णय रोजच्या रोज होतो. तेव्हा बुकिंग करताना एकच प्रश्न: ‘बोट रद्द झाली तर काय?’ पैसे परत, दुसरं ठिकाण, की नुसतंच ‘सॉरी’? लेखी उत्तर मागा.

आता टूर घ्यावी तरी कुठली? माझं स्पष्ट मत आहे की नुसत्या कासीसाठी टूरचे पैसे घालवू नयेत. मार्सेयच्या सें-शार्ल स्टेशनवरून कासीला लोकल ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. स्टेशन गावापासून तीनेक किलोमीटर वर आहे, पण तिथून बस मिळते. बंदरावर जायचं, खिडकीवर तिकीट काढायचं, पाऊण तासात तीन कलांक बघून परत यायचं. बोट आत शिरते, वळते आणि बाहेर पडते. बहुतेक फेऱ्यांमध्ये खाली उतरता येत नाही, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे मुलं बादली-फावडं घेऊन निघणार नाहीत. टूरचा पैसा वसूल होतो तो गोर्द, रुसियोंसारख्या लुबेरोंच्या डोंगरी गावांत आणि द्राक्षमळ्यांत. तिथे बसने जायचं म्हणजे दिवसभर थांब्यावर उभं राहणं, आणि स्वतः गाडी घ्यायची तर उजव्या बाजूने चालवायचं, गोर्दमध्ये पार्किंग शोधायचं आणि वाईन चाखायची नाही. मग आलात कशाला?

जाहिरात वाचायची एक पद्धत आहे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा म्हणजे नऊ तास. एक्सहून लुबेरोंला जाणं, गावागावांत फिरणं आणि परत येणं यात तीन तास रस्त्यावर जातात. जेवणाला सव्वा तास, वाईन चाखायला एक तास. उरले पावणेचार तास. त्यात पाच गावं ‘बघायची’ असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला किती आलं, तुम्हीच मांडा. तीनच्या वर गावं असलेली टूर मी पाहुण्यांसाठी घेत नाही. ‘फोटो स्टॉप’ लिहिलं असेल तर दहा मिनिटं रस्त्याच्या कडेला, असा त्याचा अर्थ. गोर्दच्या बाबतीत गंमत अशी की गावाचं सगळ्यात देखणं रूप गावात नाही, गावाबाहेरच्या वळणावरून समोरून दिसतं. त्यामुळे तिथे फोटो स्टॉप आणि आत मोकळा वेळ, दोन्ही लागतात.

छोट्या गटाची टूर म्हणजे आठ जण. त्यालाही कारण आहे: युरोपात साध्या लायसन्सवर चालक सोडून आठच प्रवासी नेता येतात. म्हणूनच सगळ्यांच्या व्हॅन सारख्या आणि तिसरी रांग सगळीकडेच अडचणीची. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा, आणि हे बुकिंग करतानाच सांगा. आयत्या वेळी पुढच्या सीटवरच्या जर्मन आजोबांना उठवणं बरं दिसत नाही. तुमचंच कुटुंब पाच-सहा जणांचं असेल तर सुट्या सीटच्या बेरजेऐवजी पूर्ण व्हॅनचा भाव विचारा. पुष्कळदा फार फरक पडत नाही, आणि मग वार, वेळ, थांबे सगळं तुमच्या मनासारखं.

आणखी एक गोष्ट. जो गाडी चालवतो तोच माहिती सांगतो, आणि तो बहुधा छान सांगतो. पण फ्रान्समध्ये संग्रहालयात किंवा ऐतिहासिक वास्तूच्या आत गटाला माहिती द्यायला सरकारी ओळखपत्र असलेला गाईड लागतो. म्हणजे आव्हिन्योंच्या पोपच्या राजवाड्याच्या दारापर्यंत चालक, आत तुम्ही आणि तुमच्या कानातला ऑडिओ. सेनांकच्या मठात आजही साधू राहतात. तो ११४८ मध्ये स्थापन झाला. बऱ्याच टूर तो बाहेरूनच दाखवतात. आत जायचं असेल तर वेळ आणि तिकीट वेगळं विचारून घ्या.

द्राक्षमळा कुठला? माझी पसंती बांदोलला. शातोनफ-द्यु-पाप जास्त नावाजलेलं आहे. तिथल्या मळ्यांत मातीऐवजी गोटेच दिसतात, ते दिवसभर तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात. शिवाय १९५४ मध्ये तिथल्या महापौरांनी गावात उडत्या तबकड्या उतरवायला बंदी घालणारा आदेश काढला होता, हे ऐकून मुलं खूश होतात. पण ते आव्हिन्योंच्या बाजूला. एक्स किंवा मार्सेयला राहणाऱ्याला बांदोल सोयीचं, आणि तिथून समुद्र दिसतो.

बांदोलला मी नवऱ्याच्या मामांना घेऊन गेले होते. मामा तासगावचे द्राक्षबागायतदार, माळकरी, दारूच्या थेंबाला न शिवणारे. ‘मी कशाला येऊ गं तिथं?’ म्हणत आले. गाडीतून उतरले आणि दगडी बांधांच्या पायऱ्यांवरची ती कमरेएवढी झुडपं बघून थबकले. ‘मांडव कुठाय ह्यांचा? आणि पाणी कवा देत्यात?’ मळ्याची मालकीण सांगत होती ती चव आणि सुगंधाबद्दल. मी मामांचे प्रश्न फ्रेंचमध्ये पुढे सरकवले. नव्या लावणीलाच काय ते पाणी, जुन्या वेली पावसावर, असं ती म्हणाली. मामांनी मान हलवली. मग त्यांनी आपल्याकडच्या दोन छाटण्या सांगितल्या, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. आता मान हलवायची पाळी तिची होती, कारण इथे वेल हिवाळ्यात झोपते आणि छाटणी एकदाच. शेवटी कलमाचा विषय निघाला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्झेराच्या किडीने युरोपातले मळे खाल्ले, तेव्हापासून खाली अमेरिकन खुंट आणि वर इथली जात. ‘आमचा खुंट डॉगरिज,’ मामा म्हणाले, आणि तिच्या दरपत्रकाच्या पाठीवर पेनाने खुंट, काप आणि काडी काढून दाखवली. तिने ती आकृती माझ्या भाषांतराची वाट न बघता वाचली आणि आम्हाला तळघराऐवजी मळ्याच्या वरच्या टोकाला नेलं. व्हॅनमधली बाकीची मंडळी तोवर पेला हातात घेऊन थांबली होती.

तेव्हा घरात कोणी पीत नसलं तरी मळा टाळू नका; फक्त असा मळा निवडा जिथे मालक स्वतः भेटतो आणि बाहेर फिरवतो. दुकानवजा हॉलमध्ये काउंटरवर पाच पेले ओतणाऱ्या ठिकाणी न पिणाऱ्याला करण्यासारखं काही नसतं. लहान मुलांसाठी द्राक्षाचा रस मिळेल का, हेही आधी विचारा. पिणाऱ्यांसाठी: पेल्यात दोनच घोट असतात, साधारण पांढरी, मग गुलाबी, मग लाल अशा क्रमाने. बाजूला भांडं ठेवलेलं असतं, त्यात थुंकणं हा इथला रिवाज आहे, उद्धटपणा नाही. कासीची पांढरी नावाजलेली, बांदोलची लाल. बांदोलच्या लालमध्ये मूर्व्हेद्र जातीची द्राक्षं निम्म्याहून कमी चालत नाहीत आणि ती किमान १८ महिने लाकडी पिपात ठेवावी लागते, म्हणून ती महाग. विकत घेतलीच पाहिजे असं कुणी म्हणत नाही, पण फुकट चाखवलं असेल तर एखादी बाटली घ्यावी. भारतात दरडोई दोन लिटरपर्यंत करमुक्त आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. तिसरी बसत नाही. त्या चेक-इनच्या बॅगेत, साडीत गुंडाळून.

जेवणाचं. इथली स्वयंपाकघरं बारा ते दोन चालतात आणि दोननंतर शेफ हात वर करतो. टूर अडीच वाजता जेवायला सोडत असेल तर सरळ दुसरी बघा. शाकाहाऱ्यांनी तापनाद नावाच्या ऑलिव्हच्या चटणीपासून आणि पिसालादियेर या कांद्याच्या पोळीपासून सावध राहा. दोन्ही दिसतात निरागस, पण आत अँकोव्ही मासा असतो. ‘सां व्यांद, सां प्वासों’ एवढं पाठ करा, म्हणजे मांस नको, मासे नको. आणि त्याआधी ‘बोंजूर’. त्याशिवाय बोललेलं इथे ऐकू जात नाही. पानीस मिळाली तर जरूर खा. चण्याचं पीठ शिजवून, थापून, तुकडे करून तळलेलं; पिठल्याची वडी कुरकुरीत केली तर कशी लागेल, तशी. माझी नणंद दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेते. काहीच हरकत नाही, फक्त व्हॅनमध्ये उघडण्याआधी चालकाला विचारा, आणि कॅफेच्या टेबलावर बसून आपला डबा काढू नका.

गावातल्या वाटा गुळगुळीत झालेल्या दगडांच्या आणि चढाच्या आहेत, त्यामुळे सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी काठी आणि रबरी तळव्याचे बूट. रुसियोंच्या गेरूच्या खाणीत पायवाट आहे, एक अर्ध्या तासाची आणि एक तासाभराची. तिथे पांढरी सलवार घालून गेलात तर ती परत पांढरी होत नाही.

पिकअपची जागा आदल्या संध्याकाळी बघून ठेवा. एक्सला बऱ्याच टूर रोतोंदच्या कारंज्याजवळच्या पर्यटन कार्यालयापासून निघतात. चालकाला टिप सक्तीची नाही; दिवस चांगला गेला तर माणशी पाच युरो मी देते. परतीचे सहा म्हणजे साडेसहा धरा, आणि त्याच रात्रीची पॅरिसची गाडी अजिबात काढू नका. एक्सचं टीजीव्ही, म्हणजे वेगवान गाड्यांचं स्टेशन गावात नाही, पंधराएक किलोमीटरवर आहे, आणि शुक्रवारी संध्याकाळी तो रस्ता भरलेला असतो.