भिंतीपलीकडचं गाणं

'द शायनिंग' या १९८० च्या भयपटात एक प्रसंग आहे. हॉटेलातलं लालभडक भिंतींचं स्वच्छतागृह, त्यात दोन माणसं उभ्याउभ्या बोलतायत. त्यातला वेटर अत्यंत अदबीने सांगतो, की मुलींना आणि बायकोला मी 'सुधारलं', म्हणजे मारून टाकलं. आवाज चढत नाही, कॅमेरा धावत नाही. आणि त्या वेळी शेजारच्या दालनातला बँड वाजत असतो. १९३०च्या दशकातलं, नाचायला बोलावणारं गोड गाणं, भिंतीतून गाळून आल्यासारखं.

पहिल्यांदा चित्रपट पाहिला तेव्हा ते गाणं मला ऐकूच आलं नव्हतं. पोटात गोळा आला होता एवढंच. दुसऱ्यांदा हेडफोन लावून पाहिला आणि गोळा कुठून आला ते कळलं. गेली अकरा वर्षं मी मुंबईत म्युझिक एडिटर आहे, त्यातली बरीचशी भयकथांवर गेली. या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

कामाचं आधी थोडक्यात. संगीतकार चाल आणि पार्श्वसंगीत रचतो. ते चित्राच्या कुठल्या चौकटीवर (फ्रेमवर) सुरू होईल, कुठे श्वास घेईल, कुठे कापलं जाईल, हे म्युझिक एडिटर बघतो. तयार संगीत वापरायचं असेल तर ते शोधणं, बसवणं आणि त्याच्या हक्कांचे कागद नीट लावणं हेही त्याच्याकडेच येतं. पुण्याच्या एफटीआयआय आणि कोलकात्याच्या एसआरएफटीआय या चित्रपट शिकवणाऱ्या संस्थांमध्ये ध्वनीचे चांगले अभ्यासक्रम आहेत. मी तिथे शिकलेले नाही. अंधेरीतल्या एका स्टुडिओत सहायक म्हणून लागले आणि पहिली दोन वर्षं फक्त क्यू शीट भरल्या. कुठला तुकडा, कोणाचा, किती सेकंद, चित्रात वाजतोय की पार्श्वभूमीला. कंटाळवाणं वाटेल, पण चित्रपट सेकंदांत मोजायची सवय मला त्या तक्त्यांनीच लावली.

आता मुद्द्याचं. नवीन मुलं भयपटासाठी भीतीदायक संगीत शोधत बसतात. मी त्यांना सांगते, आधी हंगेरीचे संगीतकार बार्टोक ऐका. 'द शायनिंग'मध्ये त्यांच्या १९३६ सालच्या, तंतुवाद्यं, तालवाद्यं आणि चेलेस्टा (घंटांसारखा आवाज देणारं पेटीवजा वाद्य) यांच्यासाठी लिहिलेल्या रचनेचा तिसरा भाग वापरलाय. त्याची सुरुवात झायलोफोनवरच्या एकाच उंच स्वराने होते. टक्, टक्, मग जलद, मग पुन्हा संथ. खाली टिंपनीचा, म्हणजे मोठ्या नगाऱ्याचा, सूर पायपट्टीने सरकवलेला. आपल्याकडे डग्ग्यावर मनगट दाबून मींड काढतात ना, तसाच तो सरकतो, पण ठेका कुठेच हाती लागत नाही. बार्टोक भुतांसाठी लिहीत नव्हते. ते रचनेचा एक गणिती, कमानीसारखा घाट बांधत होते. चित्रपटात आई आणि मुलगा झुडपांच्या भुलभुलैयात फिरतात, बाप आत दालनात त्याच भुलभुलैयाच्या प्रतिकृतीवर वाकून बघतो, आणि हे संगीत आपल्याच तंद्रीत चालू राहतं. त्याला त्या तिघांशी काही देणंघेणं नाही. भीती त्या बेपर्वाईची वाटते.

या चित्रपटात बार्टोकसोबत लिगेती आणि पेंडेरेत्स्की या विसाव्या शतकातल्या संगीतकारांच्याही रचना आहेत, आणि गॉर्डन स्टेनफोर्थ या म्युझिक एडिटरने त्या चित्रावर बसवल्या. आपल्या कामाची ताकद बघायची असेल तर त्यांचं काम चौकट चौकट थांबवून बघा. पेंडेरेत्स्कींच्या 'पॉलिमॉर्फिया'त ४८ तंतुवादक आहेत, आणि त्यातले आवाज व्हायोलिनचे आहेत यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. तारांवर तळव्याने थापा, घोडीपलीकडे ओढलेला गज, स्वरांच्या मधल्या फटींतून घसरत जाणारा अख्खा जथा. आणि शेवटी हे सगळं एकदम स्वच्छ सी मेजर स्वरसंघावर येऊन थांबतं. तो शेवट मला बाकी सगळ्या किंकाळ्यांपेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

याच 'पॉलिमॉर्फिया'मुळे मी माझ्या कामातली सर्वांत मोठी चूक केली. स्वतंत्रपणे मिळालेलं पहिलं काम होतं, एका जुन्या वाड्यातली भूतकथा. संगीत तयार होईपर्यंत एडिटवर रेफरन्स म्हणून काहीतरी लावतात, त्याला टेम्प म्हणतात. माळ्यावरच्या प्रसंगाला मी 'पॉलिमॉर्फिया' लावलं. सुंदर बसलं. चार महिने दिग्दर्शक, निर्माते, एडिटर सगळे तेच ऐकत राहिले आणि सगळ्यांचा जीव त्यात अडकला. मग हक्कांची चौकशी केली. रचनेचे हक्क एका प्रकाशकाकडे, ध्वनिमुद्रणाचे दुसऱ्याच कंपनीकडे. दोघांनी मिळून सांगितलेला आकडा आमच्या अख्ख्या संगीताच्या बजेटपेक्षा मोठा होता. मिक्सला, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवण्याच्या शेवटच्या टप्प्याला, नऊ दिवस उरले होते. संगीतकाराने तशाच वळणाचं काहीतरी करून बघितलं, पण चार महिने मूळ ऐकलेल्या कानांना ते उष्टं लागलं. त्या मुलाची मेहनत माझ्यामुळे वाया गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. जे विकत घेता येणार नाही ते टेम्प म्हणून लावायचं नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळते.

म्हणून कायदा पहिल्याच महिन्यात शिका. एका गाण्यात किमान दोन वेगळे हक्क असतात, रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द असतील तर कवीचा तिसरा. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रचना आणि शब्द त्या त्या माणसाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी मोकळे होतात, ध्वनिमुद्रण प्रकाशनानंतर ६० वर्षांनी. बार्टोक १९४५ साली गेले, तेव्हा आपल्याकडे त्यांची रचना मोकळी आहे. पण एखाद्या वाद्यवृंदाने अलीकडे केलेलं तिचं ध्वनिमुद्रण मोकळं नाही. पेंडेरेत्स्की २०२० साली गेले, तिथे परवानगीशिवाय हातच लावायचा नाही. शिवाय आपलं काम ओटीटीवरून परदेशात दिसणार असेल तर तिथला कायदा वेगळा. अमेरिकेत १९२३ ते १९४६ या काळातल्या ध्वनिमुद्रणांना १०० वर्षांचं संरक्षण आहे. त्यामुळे मुंबईत मोकळी असलेली तबकडी न्यूयॉर्कमध्ये मोकळी असेलच असं नाही. हे दिग्दर्शकाला तुम्हीच सांगायचं असतं, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

त्या नऊ दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी मी चोरबाजारात गेले. मटण स्ट्रीटवर एका दुकानात ७८ आरपीएमच्या तबकड्यांचा ढीग होता. त्यात बालगंधर्वांचं 'नाथ हा माझा' मिळालं. 'संगीत स्वयंवर' १९१६ चं. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते १९२२ साली गेले. शब्द खाडिलकरांचे, ते १९४८ साली. तबकडी साठ वर्षांपेक्षा कितीतरी जुनी. आमचा चित्रपट फक्त इथे दाखवला जाणार होता, तेव्हा तिन्ही बाजूंनी वाट मोकळी होती. पण ती तबकडी मी घेतली ती तेवढ्यासाठी नाही. कथेतला वाडा त्याच काळातला होता. त्या वाड्याच्या माजघरात हे गाणं खरोखर वाजलं असतं.

तबकडीवरचं गाणं कॉम्प्युटरवर उतरवून घेताना दोन गोष्टी सांभाळा. ७८ ची खाच नंतरच्या लाँग प्ले तबकडीच्या खाचेपेक्षा बरीच रुंद असते, तिला वेगळी, जाड सुई लागते. लाँग प्लेची सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी घसटत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त येते. दुसरं म्हणजे सॉफ्टवेअरने आवाज धुऊन काढायचा मोह आवरा. मोठे ठोके काढा, बारीक खरखर राहू द्या. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात अगदी खालचे आणि अगदी वरचे सूर नीट येतच नसत. सगळं मधल्या अरुंद पट्टीत दाटलेलं. त्यामुळे गाणारा माणूस जवळ आहे की लांब, याचा कानाला अंदाज लागत नाही. ती गोंधळलेली जवळीक आपल्याला हवी असते.

वेग कमी करण्याचा प्रयोग प्रत्येक जण करतो. वेग साधारण सहा टक्के कमी केला की काळी एकचं गाणं पांढरी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या एका पट्टीने खाली, उतरतं, आणि प्रेक्षकाला लगेच कळतं की कोणीतरी हात लावलाय. मी दोन टक्क्यांपुढे जात नाही. सूर किंचित आजारी वाटतो, पण कारण सापडत नाही.

आता त्या लाल भिंतींच्या प्रसंगाकडे परत. बँड दारापलीकडे ठेवायचा कसा? सॉफ्टवेअरमध्ये वरचे सूर कापून काम भागतं, पण खऱ्या भिंतीची सर येत नाही. हॉलिवूडचे ध्वनिकार वॉल्टर मर्च यांनी 'अमेरिकन ग्राफिटी'साठी (१९७३) गाणी खऱ्या जागेत वाजवून पुन्हा ध्वनिमुद्रित केली होती. मी तेच केलं. वाईजवळच्या एका जुन्या घरात आम्ही रात्री दोन वाजता गेलो, रस्ता शांत असतो म्हणून. माजघरात जमिनीवर लहान स्पीकर ठेवला, माळ्यावर माइक. तीनदा गाणं वाजवलं. एकदा दार सताड उघडं, एकदा वीतभर, एकदा बंद. उघड्या दारातून सगळं आलं, ऑर्गन, सारंगी, तबला, शब्द. वीतभर फटीतून शब्दांच्या कडा गेल्या. बंद दारातून फक्त आस आली, गंधर्वांच्या गळ्यातून लांबत जाणारी. कोणी गातंय की रडतंय ते सांगता येईना. माझा सहायक माझ्या शेजारी अंधारात बसला होता. त्याने माझा हात धरला तो गाणं संपेपर्यंत सोडला नाही.

प्रसंगात नायिका माळ्यावरून जिना उतरत खाली येते. आम्ही पायरीगणिक बंद दाराच्या आवाजातून वीतभर दाराच्या आवाजात गेलो, आणि तिने कडी काढली की उघड्या दारात. माजघर रिकामं. इथे बहुतेक जण गाणं तोडतात आणि वर एक धडाम आवाज टाकतात. दिग्दर्शकांनाही तेच हवं होतं. मी हट्टाने दोन्ही प्रकार करून दाखवले. गाणं तोडलं की जणू गाण्यालाही ते रिकामं माजघर दिसलं आणि ते दचकलं, असं होतं. प्रेक्षकाला सोबत मिळते. गाणं चालू ठेवलं की तो एकटा पडतो. नायिका थरथरतेय आणि बालगंधर्व त्याच लाडिक जागा घेतायत. गाण्याला काही कळता कामा नये. 'द शायनिंग'च्या शेवटच्या चौकटीतही हेच आहे. भिंतीवर १९२१ सालचं छायाचित्र, आणि त्यावर अल बोली यांच्या मऊ आवाजातलं १९३४ सालचं 'मिडनाइट, द स्टार्स अँड यू'. हा गायक १९४१ साली लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात गेला. ते गाताना त्याच्या मनात प्रेमाशिवाय काही नव्हतं, आणि ते ऐकताना अंगावर काटा येतो.

त्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. प्रसंग त्यापेक्षा लांब होता. गाणं दुसऱ्यांदा लावावं असा विचार एकदा झाला, पण मी तबकडी तशीच संपू दिली. सुई शेवटच्या खाचेत फिरत राहिली. खर्र, टक्. खर्र, टक्. मिनिटाला ७८ फेरे, म्हणजे पाऊण सेकंदाला एक टक्. दिग्दर्शकांनी तो आवाज ऐकून एडिटरला चौकट अजून पाच सेकंद धरायला सांगितली. मिक्समध्ये त्या टक्च्या बरोबर मध्ये नायिकेचा श्वास येतो, आणि चौथ्या फेऱ्याला तो येत नाही.