जुन्या इंग्रजी अल्बममधलं कुटुंब शोधताना या चुका टाळा

रविवारच्या जुन्या बाजारात, फुटक्या बशा आणि गंजलेल्या कात्र्यांच्या शेजारी मला तो अल्बम मिळाला. आम्ही इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये राहतो. इथे असे अल्बम अजून निघतात. चामड्याची बांधणी, पितळी कडी, जाड पुठ्ठ्याची पानं आणि पानांना कापलेल्या खिडक्यांत सरकवलेले ४३ फोटो. विकणाऱ्याला घराण्याचं नाव माहीत नव्हतं. लग्नाच्या पंगतीत बसलेल्या अनोळखी माणसांची नाती मी पाच मिनिटांत लावते, तेव्हा हेही जमेल असं वाटलं. वर्ष गेलं त्यात. कुठे कुठे आपटले ते सांगते.

पहिली चूक घरी पोचल्या पोचल्या केली. पाठी बघायच्या म्हणून सगळे फोटो उपसून टेबलावर ढीग केला. दोन खिडक्यांचा तळ फाटला, आणि कुठला फोटो कुठल्या पानावरचा हे कायमचं गेलं. समोरासमोरच्या पानांवर पुष्कळदा नवरा-बायको असतात, म्हणजे हा क्रमच निम्मा पुरावा. आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या, ‘पान ४, खिडकी २’ असे नंबर द्या, मग फोटोच्या मागे पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून तो अलगद खाली ओढा. येत नसेल तर राहू द्या. आणि कार्ड, म्हणजे फोटो चिकटवलेला पुठ्ठा, जाड लागलं तर मागे दुसरं लपलंय का बघा. माझ्याकडे तीन ठिकाणी तसं निघालं.

चेहरा नंतर, पाठ आधी

चेहऱ्यावरून कुटुंब लावायला गेलात की फसलात. ‘नाक तर अगदी आजोबांचं’ हे बारशाला ठीक आहे. इथे आधी कार्डाचं वय काढायचं.

या छोट्या फोटोंची पद्धत पॅरिसचा फोटोग्राफर दिस्देरी याने १८५४ मध्ये पेटंट केली. सुमारे ६४ बाय १०० मिलिमीटरचं कार्ड, नाव ‘कार्त द व्हिजित’. इंग्लंडला त्याचं वेड लागलं ते १८६० मध्ये मेयॉल या फोटोग्राफरने राजघराण्याचे फोटो विकायला काढल्यावर. सुरुवातीची कार्डं पातळ, कोपरे काटकोनी, पाठीवर स्टुडिओचं नाव-गाव बारीक अक्षरात. माणूस पायापासून डोक्यापर्यंत उभा, बाजूला पडदा नाहीतर खोटा खांब. १८७० नंतर कोपरे गोल होऊ लागतात, पुठ्ठा जाड होतो, कॅमेरा जवळ येतो आणि पाठीवर वेलबुट्टी पसरत जाते. १८६६ पासून मोठं ‘कॅबिनेट’ कार्ड आलं, म्हणजे त्याच्या मापाच्या खिडक्या असलेला अल्बम त्याआधीचा नव्हे.

स्टुडिओचा पत्ता सोन्यासारखा. फोटोग्राफर वारंवार जागा बदलत, आणि त्या काळच्या व्यापारी डिरेक्टऱ्यांत, म्हणजे धंदेवाल्यांच्या नाव-पत्त्यांच्या पुस्तकांत, कोण कुठल्या साली कुठे होता ते सापडतं. लेस्टर विद्यापीठाने अशा शेकडो डिरेक्टऱ्या फुकट वाचायला ठेवल्या आहेत. माझ्या अकरा कार्डांचं वय मी त्यावरूनच चार-पाच वर्षांच्या आत आणलं.

यातही एक खोच आहे. पाठीवर ‘काच जपून ठेवली आहे, प्रती केव्हाही मिळतील’ अशा अर्थाची ओळ असते. काच म्हणजे निगेटिव्ह. म्हणजे फोटो १८६३ चा आणि कार्ड १८८० चं असं होऊ शकतं. आजी गेल्यावर सहा भावंडांनी सहा प्रती काढल्या, संपलं. कपडे कार्डापेक्षा वीस वर्षं जुने दिसले तर हा संशय घ्या. कपड्यांवरून साल काढताना मात्र सुनेच्या बाह्या बघा, सासूच्या नाही. १८९५ च्या सुमाराला फुगलेल्या बाह्या तरुण मुलीच्या अंगावर साल सांगतात. म्हातारी मात्र तिच्या तरुणपणीची फॅशन घालून बसलेली असते.

काळ्या झग्यातली बाई

पान ६, खिडकी १. काळ्या घेरदार झग्यातली तिशीची बाई, तिच्या गुडघ्याला टेकलेली फ्रॉकमधली मुलगी. मी वहीत लिहिलं: ‘तरुण विधवा आणि तिची लेक.’ मग तिच्या नवऱ्याचा मृत्यू शोधत तीन आठवडे घालवले.

नवरा मेलाच नव्हता. त्या काळी निगेटिव्हच्या काचेवर कलोडियन नावाच्या रसायनाचा थर देत, आणि त्या काचेला निळा प्रकाश चटकन दिसे, लाल आणि पिवळा जवळजवळ नाही. त्यामुळे लाल झगा काळा येतो, निळा पांढरट, आणि निळे डोळे भुताच्या डोळ्यांसारखे फिकट. बाईचा झगा किरमिजी असेल, तपकिरी असेल. काळे रेशमी झगे तर एरवीही घालत. सुतक म्हणायचं तर झग्याला लावलेलं क्रेप नावाचं निस्तेज कापड, विधवेची टोपी असं आणखी काही दिसायला हवं.

आणि मुलगी? तो मुलगा होता. मुलग्यांना चार-पाच, कधी सहा-सात वर्षांपर्यंत फ्रॉकच घालत. भिंगाखाली भांग पाहिला: एका बाजूला. मुलींचा बहुधा मधोमध असतो. हा नियम पक्का नाही, पण संशय घ्यायला पुरतो.

याच गटातली दुसरी अफवा: पायामागे लोखंडी स्टँडचा तळ दिसला की माणूस मेलेला. काही सेकंद मान हलू नये म्हणून जिवंत माणसाच्या डोक्यामागे ते टेकण लावत. प्रेत त्याने उभं राहत नाही. मृतांचे फोटो काढत, हे खरं. पण ते बहुधा झोपलेल्या अवस्थेत.

इटलीचा मामा

एक दाढीवाला सद्गृहस्थ कुठल्याच शाखेत बसेना. भावाला फोटो पाठवला, तो म्हणाला, ‘अगं, हा गॅरिबाल्डी, इटलीच्या एकीकरणासाठी लढलेला सेनानी.’ लोक राणीचे, बिशपांचे, नट्यांचे फोटो दुकानातून विकत आणून मावशी-काकांच्या शेजारी लावत. चेहरा कुठेच बसत नसेल तर आधी तो प्रसिद्ध माणूस नाही ना, हे इंटरनेटवर फोटो टाकून उलट्या शोधाने बघून घ्या.

आंट म्हणजे कोण?

आत्या, मावशी, काकू, मामी, चौघींना एकच शब्द. मी एका फोटोखाली ‘आंट’ वाचून बापाच्या बहिणी धुंडाळल्या. निघाली आईची बहीण, जी आई गेल्यावर घर सांभाळायला आली होती. जनगणनेत तिच्यापुढे ‘सिस्टर-इन-लॉ’ लिहिलंय. तिथेही जपून: त्या काळी ‘मदर-इन-लॉ’ म्हणजे सावत्र आईही असे. शिवाय १८३५ च्या कायद्यानंतर मेलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न इंग्लंडमध्ये बेकायदा होतं, ते थेट १९०७ मध्ये उठलं. त्यामुळे एखादी मेहुणी वीस वर्षं मेहुणीच दिसते, किंवा लांबच्या गावात अचानक बायको होते.

फोटोखाली ‘मदर’ असेल तर अक्षर कुणाचं ते ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. माझ्या अल्बममधली शाई नातीची निघाली आणि सगळं एक पिढी सरकलं. अक्षर वाचतानाही ध चा मा होतो: जोड ‘एस’मधला पहिला ‘एस’ लांब काढत आणि तो ‘एफ’सारखा दिसतो.

जनगणनेत मूल सापडत नाही

बहुतेक जण इथे हात टेकतात. इंग्लंडची जनगणना दहा वर्षांनी, ७ एप्रिल १८६१ ला, मग २ एप्रिल १८७१ ला, आणि त्या रात्री जो जिथे झोपला तिथे त्याची नोंद. १८६२ मध्ये जन्मून १८७० मध्ये गेलेलं मूल तिला ठाऊकच नाही. अशा वेळी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत आईचं माहेरचं आडनाव घालून शोधा. तिथे ते १८३७ पासून मिळतं. १८७५ आधी जन्म कळवण्याची सक्ती कडक नव्हती, तेव्हा नोंद नसेल तर चर्चचं बाप्तिस्मा रजिस्टर बघा. आणि एकाच नावाची दोन भावंडं दिसली तर गोंधळू नका: पहिलं दगावलं की पुढच्याला तेच नाव देत.

जन्मस्थळ ‘ईस्ट इंडीज’ किंवा ‘बॉम्बे’ असेल तर मात्र आपण पुढे. ‘बॉम्बे’ म्हणजे शहरच असं नाही, अख्खा इलाखा: पुणे, नगर, कराची, एडनसुद्धा. या मुलांचे बाप्तिस्मे इंग्लंडच्या सूचीत नसतात. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन-३ या मालिकेत मुंबई इलाख्याचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं आहेत. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या फिबिस या संस्थेची शोधसूची फुकट आहे. आधी तिथे नाव घालून बघा.

माझ्या काळ्या झग्यातल्या बाईचा धाकटा मुलगा तिथेच सापडला, जन्म पुण्याचा. मग शेवटच्या पानावरचं कार्ड उलगडलं. पाठीवर पुण्याचा स्टुडिओ, समोर नऊवारी नेसलेली बाई, मांडीवर गोरं बाळ, खाली शाईत एकच शब्द: ‘आया’. बाळाचं नाव, तारीख, चर्च, बापाची पलटण, सगळं आता माझ्याकडे आहे. एन-३ मध्ये ख्रिस्ती नोंदीच आहेत, तिची तिथे नाही. कार्डाच्या पाकिटावर मी पेन्सिलीने लिहिलंय: ‘बाई, पुणे. नाव शोधायचं आहे.’