आल्याची किसणी आणि लोणच्याचं दडपण: घरच्या घरी, मातीचं

स्टीलच्या किसणीवर आलं किसलं की दोरे दातांत अडकतात आणि रस ओट्यावर जातो. चहाला हवा असतो तो रसच! म्हणून मातीकाम शिकल्यावर स्वयंपाकघरासाठी पहिली वस्तू करायची, तर चहाचा मग नको, किसणी करा. खोलगट बशी, मधोमध दाते आणि दात्यांभोवती रस साठायला चर.

माती मळण्याआधी ओट्यापाशी उभं राहून आलं किसल्यासारखं करून बघा. दुसरा हात बशी कुठे धरतो? आमच्या सासूबाईंची बोटं संधिवातामुळे पुरती वळत नाहीत. त्यामुळे माझ्या किसणीला कपासारखा कान नाही, तळव्याखाली दाबून धरता येईल असा चपटा, रुंद दांडा आहे. तुमच्या घरात किसणार कोण, त्याच्या हाताकडे बघून आकार ठरवा.

मग हिशेब. माती वाळताना आणि भाजताना आटते. किती, हे तुमच्याच मातीची पट्टी करून तपासा: ओल्या पट्टीवर १० सेंमीची रेघ मारा आणि भाजून आल्यावर मोजा. ८.८ भरली तर माती १२ टक्के आटते. आता १४ सेंमीची किसणी हवी असेल तर १४ मध्ये १२ टक्के मिळवू नका, १४ ला ०.८८ ने भागा. ओला आकार १५.९ सेंमी येतो. किसणीत दोनेक मिलिमीटरच्या फरकाने काही बिघडत नाही. दडपणाला, म्हणजे बरणीत लोणच्यावर ठेवायच्या चकतीला, बिघडतं, ते पुढे येईल.

चाक नसलं तरी चालतं. सारख्या जाडीच्या दोन लाकडी पट्ट्यांमध्ये माती ठेवून लाटण्याने लाटा, साधारण ७ मिमी जाड, आणि उथळ ताटलीत कापड घालून त्यावर बसवा. दाते काढायची वेळ साधावी लागते. बोट लावलं तर ठसा उमटू नये, पण सुई सहज आत जावी, इतपतच माती वाळलेली हवी. जाड सुई तिरकी खुपसायची आणि टोकाने माती वर उचलायची. एका ओळीचे दाते उजवीकडे, पुढच्या ओळीचे डावीकडे, म्हणजे आलं गोल फिरवलं तरी किसलं जातं. एप्रिल-मेच्या पुण्यातल्या हवेत कडा आधी वाळून बशी वाकडी होते. कडांवर प्लॅस्टिक टाका आणि मधला भाग उघडा ठेवा.

पहिल्या भाजणीनंतर दात्यांवर वितळलेलं मेण लावा, म्हणजे ग्लेझ (दुसऱ्या भाजणीत वितळून काचेसारखा होणारा लेप) तिथे धरणार नाही. ग्लेझने दाते बोथट होतात. तळही कोरा ठेवा, नाहीतर किसणी भट्टीच्या फळीला चिकटेल. ग्लेझ शिसं नसलेलं, अन्नासाठी असलेलंच घ्या. शंका असेल तर त्यावर लिंबाची फोड रात्रभर ठेवा. रंग उडाला तर ती वस्तू शोकेसमध्ये. रंग टिकला म्हणजे शिसं नाही असं मात्र समजू नका, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

आता दडपण, म्हणजे बरणीत फोडींना तेलाखाली दाबून ठेवणारी चकती. बरणीचं तोंड आतून ८ सेंमी असेल तर भाजलेली चकती ७.५ ची हवी, म्हणजे ओली ८.५. बरणी पोटात रुंद असेल तर चकतीचे दोन अर्धगोल करा, एकेक आत सोडून खाली जुळवता येतात. चकती दीड सेंमी जाड असल्याने सावकाश वाळू द्या. आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि चकती फुटते. दडपणाला ग्लेझ नकोच, पण माती स्टोनवेअर (जास्त आचेवर भाजून घट्ट होणारी) हवी आणि पूर्ण, म्हणजे १२०० अंशांच्या वर, भाजलेली हवी. कोरडी तोला, दोन तास पाण्यात उकळा, पुसून परत तोला. २०० ग्रॅमची चकती ३-४ ग्रॅमपेक्षा जास्त वाढली तर ती मीठ-तेल पिणार. ती बाद.

दह्याचं गाडगं मात्र घरी करत बसू नका. त्याला कमी आचेची, पाणी शोषणारी लाल माती लागते आणि ते काम पुण्यात मुंढव्याला केशवनगरच्या कुंभारांइतकं आपल्याला जमणार नाही. तिथून आणा.

किसून झाल्यावर किसणी लगेच नळाखाली धरा. दोरे वाळले की जुन्या टूथब्रशनेही सुटत नाहीत. आणि ती गॅसवर कधीच ठेवू नका, स्टोनवेअर थेट आचेवर तडकतं.