खाऱ्या पाण्याच्या नव्या टँकमध्ये नको ते उगवलंय? या चुका टाळा

खाऱ्या पाण्याच्या नव्या टँकमध्ये, म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवायच्या मत्स्यालयात, काहीतरी उगवणार, हे धरूनच चालायचं. कोरे दगड, कोरी वाळू आणि वरून आठ-दहा तास प्रखर दिवा, मग जागा रिकामी राहील कशी? घाबरण्यासारखं त्यात काही नाही. टँक बिघडतो तो बहुतेक वेळा न ओळखता केलेल्या उपायाने, कारण एका वाढीला मारणारा उपाय दुसरीला पोसतो. म्हणून औषधाची बाटली उघडायच्या आधी भिंग हातात घ्या.

तपकिरी दिसलं की डायटम समजणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. नव्या टँकमध्ये तपकिरी थर तीन वेगवेगळ्या गोष्टींचा असू शकतो आणि तिन्हींचे उपाय एकमेकांशी जुळत नाहीत.

डायटम, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शेवाळ, पहिल्या काही आठवड्यांतच येतात. वाळूवर आणि काचेवर पिठासारखी बारीक तपकिरी धूळ बसते, बोट फिरवलं की ढग होऊन उडते. त्यांचं कवच सिलिकाचं असतं, त्यामुळे पाण्यातली आणि नव्या वाळूतली सिलिका संपत आली की ते आपोआप ओसरतात. काच पुसा, गोगलगायी सोडा, वाट बघा. महिने उलटूनही ते जात नसतील तर पाण्याकडे वळा. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरणं ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे. पिण्याच्या यंत्रात चव यावी म्हणून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मुद्दाम वाढवलेला असतो. टँकसाठी आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे) हवं आणि मीटरवर शून्य हवं. त्यातही एक खोच आहे. रेझिन संपत आलं की सर्वांत आधी सिलिका निसटते आणि ती टीडीएस मीटरवर जवळजवळ दिसतच नाही. मीटर शून्य दाखवतोय आणि डायटम पुन्हा आलेत, तर रेझिन बदला.

सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, हे शेवाळ नाही, प्रकाशावर जगणारे जिवाणू आहेत. त्यांची चादर होते. रंग लालसर, किरमिजी, कधी तपकिरी किंवा काळपट हिरवा. एका कडेने उचललं की अख्खा पापुद्रा सुटून येतो आणि त्याला कुबट वास असतो. जिथे प्रवाह पोचत नाही आणि कचरा साचतो तिथे ही चादर आधी दिसते. पाइपने ओढून काढा, पंपाचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा, खाणं कमी करा. पुष्कळ लोक थेट एरिथ्रोमायसिन टाकतात. मला हे पटत नाही. अँटिबायोटिक हे शेवटचं हत्यार आहे. शिवाय एवढा मोठा थर एकदम मेला की तो कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतो. एप्रिल-मे महिन्यात, चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) नसलेल्या टँकचं पाणी ३० अंशांच्या वर गेलेलं असताना मुळातच ऑक्सिजन कमी असतो, आणि अशा वेळी मासे सकाळी मेलेले सापडतात. टाकायचंच असेल तर आधी जमेल तेवढी चादर काढा आणि हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवा.

तिसरे डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय सूक्ष्म जीव. यांच्यात आणि वरच्या दोघांत गल्लत झाली की महिने वाया जातात. दगडांवरून शेंबडासारखे तपकिरी धागे लोंबतात आणि धाग्याच्या टोकाला हवेचा बुडबुडा अडकलेला असतो. दुपारी सगळा टँक माखलेला दिसतो, दिवे बंद असलेल्या रात्रीनंतर सकाळी बराच स्वच्छ वाटतो. गोगलगायी वाळूवर निपचित पडायला लागल्या तर संशय आणखी वाढवा, कारण काही जाती विषारी असतात.

खात्री करायला घरीच एक तपासणी होते. थोडी घाण टँकच्याच पाण्यासह छोट्या बाटलीत घ्या आणि धागे पूर्ण सुटेपर्यंत जोरात हलवा. ते पाणी कॉफीच्या किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तशा फिल्टर पेपरमधून गाळा. खाली आलेलं पाणी साधारण स्वच्छ दिसेल. ते काचेच्या ग्लासात तासभर दिव्याखाली ठेवा. त्यात पुन्हा तपकिरी धागे जमले तर डायनो आहेत असं समजा. ओळखीत कुणाकडे ४०० पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक असेल तर जातही कळते. ऑस्ट्रिऑप्सिस थेंबाच्या आकाराचा असतो आणि एका टोकाला बांधल्यासारखा जागच्या जागी फिरतो. अँफिडिनियम लांबट गोल, सरपटत पुढे जाणारा.

जात कळणं का महत्त्वाचं? ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगायला येतो, म्हणून यूव्ही दिव्यातून पाणी फिरवलं तर तो मारता येतो. अँफिडिनियम वाळू सोडत नाही, त्यामुळे यूव्हीवर केलेला खर्च पाण्यात जातो.

पण दोघांचंही मूळ कारण बहुतेक वेळा एकच असतं: नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेलेलं, कोऱ्या सुक्या दगडांचं, फारच स्वच्छ पाणी. स्पर्धा करायला दुसरं काही उरत नाही आणि डायनो सगळी जागा व्यापतात. अशा वेळी आपण घाण दिसली म्हणून पाणी बदलतो, खाणं तोडतो, फॉस्फेट शोषणारी पावडर वाढवतो आणि त्यांनाच मदत करतो. इथे उलटं करायचं. पाणी बदलणं काही आठवडे थांबवा, पावडर काढा, माशांना नीट खाऊ घाला. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमच्या आसपास आणून तिथेच टिकवा.

टेस्ट किटच्या शून्यावर विश्वास ठेवणं

हिरव्या केसांसारखं शेवाळ दगडभर आणि किटवर फॉस्फेट शून्य, हे चित्र नेहमीचं आहे. फॉस्फेट आहेच, ते शेवाळाच्या पोटात गेलंय. आधी हाताने उपटून काढा, मग टर्बो किंवा ट्रोकस गोगलगायी सोडा. लांब झालेलं शेवाळ त्या सहसा खात नाहीत, म्हणून क्रम उलटा करू नका. शेवाळाची पानं नेच्यासारखी, दोन्ही बाजूंना फुटलेली दिसली तर ते ब्रायोप्सिस. त्याला गोगलगायी तोंड लावत नाहीत, तिथे फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध लागू पडतं. हिरवे चकचकीत मणी दिसले तर ते व्हॅलोनिया. अख्खा मणी ही एकच पेशी असते. तो टँकमध्ये फोडू नका, पाइपचं तोंड जवळ धरून मुळापासून सुटा करा.

एप्टेशिया चिमट्याने खुडणं

पारदर्शक तपकिरी दांडा, लांब टोकदार भुजा, सावली पडली की झटकन बिळात. हे छोटं समुद्रफूल सुंदर वाटतं आणि कुणीतरी ते ठेवून देतं, किंवा खरवडून काढायला जातं. मागे राहिलेल्या पायाच्या तुकड्यातून नवी उगवतात. चार-पाचच असतील तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट करा. पानाचा चुना रसायनाने तोच, पण त्यात दुसरं काय मिसळलंय याची खात्री नसते, म्हणून अॅक्वेरियमचाच शुद्ध घ्या. पंप बंद करा, भुजांना धक्का न लावता सिरिंज तोंडाजवळ न्या आणि सगळं झाकेल एवढी पेस्ट सोडा. एका दिवशी दोन-तीनच करा, कारण चुन्याने पीएच चढतो. संख्या जास्त असेल तर पेपरमिंट कोळंबी आणा, मात्र दुकानात तिच्याच नावाने कॅमलबॅक कोळंबी विकली जाते. पाठीवर कुबड आणि अंगावर ठळक पांढऱ्या रेषा-ठिपके असतील तर ती सोडू नका, ती प्रवाळही खाते.

दगड उकळणं

हे कधीही, कोणत्याही कारणाने करू नका. दगडावर पॅलिथोआ किंवा झोअँथिड हे प्रवाळासारखे मऊ जीव असतील तर वाफेतून पॅलिटॉक्सिन हे त्यांचं जहाल विष घरभर पसरतं. असं करून परदेशांत अख्खी कुटुंबं रुग्णालयात दाखल झाली आहेत. असा दगड ब्रशने घासतानाही हातमोजे आणि चष्मा हवाच.

दगड समुद्रावरून उचलून आणणं हा दुसरा धोका. कडक प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून किंवा कुठूनही प्रवाळ लागलेला दगड घरी आणणं हा गुन्हा आहे. सुका किंवा सिरॅमिकचा दगडच घ्या. त्यावर एप्टेशियासारखे पाहुणे येत नाहीत, डायनोचा धोका मात्र वाढतो, म्हणून पहिल्या दिवसापासून नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर जाऊ देऊ नका.

दिसेल ते खरवडणं

जांभळा-गुलाबी कडक थर हे कोरलाइन शेवाळ, ते हवंच असतं. अंधाऱ्या कोपऱ्यातले पांढरे छोटे स्पंज आणि रात्री फिरणारे केसाळ किडे सफाईचं काम करतात. काचेवर चिकटलेली, टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी वेटोळी हे निरुपद्रवी स्पायरॉर्बिड किडे. त्यांच्याशी गल्लत होते ती व्हर्मेटिड गोगलगाईची. तिची नळी दगडातून वर उभी राहते, टोकाला हात कापेल एवढी धारदार असते आणि तिच्यातून चिकट जाळं बाहेर पडतं. ते जाळं प्रवाळांना त्रास देतं. नळी पक्कडीने मुळाशी मोडा किंवा तिच्या तोंडावर सुपरग्लू जेलचा थेंब बसवा, आणि आठवड्याने शेजारी नवी नळी उभी राहिली आहे का ते भिंगाने बघा.